काउंटरपलीकडची रात्र

संध्याकाळचे साडेसहा. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या जुन्या भागात बारच्या लांबलचक काउंटरवर अजून गिऱ्हाईक नाही, पण काम जोरात आहे. एकानं पावाचे तिरके काप करून ओळीनं मांडलेत. दुसऱ्याच्या हातात लाकडी काड्या आहेत. काडीत तो हिरवं ऑलिव्ह ओवतो, मग खारवलेल्या अँचोव्ही माशाची घडी, मग व्हिनेगरमध्ये मुरलेल्या बारीक हिरव्या मिरच्या. काडी भरली की ताटात आडवी पडते आणि वरून ऑलिव्ह तेलाची धार येते. या पदार्थाला ‘खिल्दा’ म्हणतात. रीटा हेवर्थच्या १९४६ सालच्या ‘गिल्डा’ या चित्रपटावरून हे नाव पडलं. खारट, आंबट आणि तिखट असा हा एक घास. तो खाऊन दुसरी काडी मागायची नाही, पेला संपवून पुढच्या बारमध्ये जायचं, अशी इथली रीत आहे.

बाहेरून आलेल्या तरुण पाहुण्याचं पाऊल नेमकं इथंच अडखळतं. काउंटरवर पंचवीस-तीस ताटं मांडलेली दिसतात. तो मोठी बशी मागून घेतो, सात-आठ पिंचो, म्हणजे हे छोटे पदार्थ, एकदम भरतो आणि बसायला जागा शोधू लागतो. स्थानिक माणूस मात्र दारातून आत येतानाच भिंतीवरच्या फळ्याकडे बघतो. खरा खजिना त्या खडूनं लिहिलेल्या यादीत असतो, कारण गरम पदार्थ मागितल्यावरच आत बनतात. ‘ला कुचारा दे सान तेल्मो’ या बारमध्ये तर काउंटरवर थंड पिंचो मांडलेलेच नसतात. जे आहे ते सगळं मागणीनुसार, स्वयंपाकघरातून. ‘नेस्तोर’ नावाच्या छोट्या बारमध्ये बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, दुपारी एकदा आणि रात्री एकदा बनतं. दोन्ही वेळा एकच. त्याचे काप मोजके, त्यामुळे आधी जाऊन नाव नोंदवावं लागतं. ज्यांना हे माहीत नसतं ते रिकाम्या ताटाकडे बघत राहतात.

काउंटरपलीकडच्या माणसाचं काम थोडा वेळ नीट पाहिलं, तर या शहरातली संध्याकाळ कशावर उभी आहे ते कळतं. गर्दी तीन-चार रांगांची. कुणी नंबर घेतलेला नाही, रांग लावलेली नाही. तरीही कोण आधी आलं हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या नजरेला नजर मिळाली की आपली पाळी. तो एका हातानं बाटली उंच धरून चाकोली ही फिकी, किंचित फसफसणारी वाइन पेल्यात सोडतो, दुसऱ्या हातानं बशी पुढे सरकवतो आणि त्याच वेळी आत ओरडून गरम पदार्थाची मागणी कळवतो. पैसे बहुतेक ठिकाणी निघतानाच द्यायचे. आपण काय खाल्लं ते आपण सांगायचं. त्याच्याही ते लक्षात असतंच. पंधरा अनोळखी माणसांचा हिशेब डोक्यात ठेवून हसतमुखानं काम करणं ही कसलेली कारागिरी आहे, आणि तिला तशीच दाद मिळायला हवी.

याच भागात ‘३१ ऑगस्ट’ नावाची गल्ली आहे. १८१३ साली त्या तारखेला इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी शहर काबीज केलं, लुटलं आणि जाळलं. जी थोडी घरं वाचली ती या गल्लीतली. त्याच गल्लीत ‘ला व्हिन्या’ हा बार आहे. आज मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये ‘सॅन सेबास्तियान चीजकेक’ म्हणून जो वरून करपलेला, मधे मऊ केक मिळतो, त्याचं मूळ घर हेच. खाली बिस्किटाचा थर नाही, भट्टी कडक तापलेली, आणि वरचा काळेपणा मुद्दाम आणलेला. भट्टीतून निघालेले केक कागदासकट बारमधल्या फळ्यांवर निवत ठेवलेले दिसतात.

सात वाजता जेवण शोधणाऱ्याची स्पेनमध्ये पंचाईत होते. दुपारी चारच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती आठ-साडेआठपर्यंत उघडत नाहीत. रात्रीचं जेवण नऊनंतर, शनिवारी दहा-साडेदहाला. याचा संबंध लोक सरळ आळसाशी किंवा चैनीशी जोडतात, ते बरोबर नाही. माद्रिद हे ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाच्या वेळेला जोडली गेली आणि तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास मिळवला जातो. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो पावणेदहाला. पुण्यात त्या दिवसांत सव्वासातला अंधारायला लागलेलं असतं. म्हणजे माद्रिदमध्ये रात्री दहाला जेवायला बसलेलं कुटुंब सूर्याच्या हिशेबानं पावणेआठलाच बसलेलं असतं. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पाहुण्याचा दिवस सुरळीत होतो: दुपारी दोनला पोटभर जेवण, मग थोडी झोप, आणि आठनंतर बाहेर.

आपल्याकडच्या तरुणांच्या मनातल्या स्पेनला २०११ साली झोया अख्तरच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’नं आकार दिला. त्यातली टोमॅटोची लढाई दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल गावात होते, तासाभरात संपते, आणि २०१३पासून तिला तिकीट आहे. पाम्प्लोनाची बैलांची धाव जुलैत. हे दोन्ही पाहायला जाणारे जरूर जावेत. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, कोणत्याही मंगळवारी, कोणत्याही गल्लीत जे चाललेलं असतं ते कमी मोलाचं नाही, आणि तरुण खिशाला तेच परवडतं.

ग्रानादाचंच पाहा. तिथलं विद्यापीठ १५३१ सालचं. एरास्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून युरोपभरातले विद्यार्थी ज्या विद्यापीठांत सर्वाधिक येतात त्यांत ते गणलं जातं. या शहरात पेय मागितलं की सोबत एक तापा, म्हणजे छोटी बशी, येतेच. तिचे वेगळे पैसे नाहीत. सेव्हियामध्ये तापासाठी पैसे मोजावे लागतात, माद्रिदमध्ये पेल्यासोबत चार ऑलिव्ह किंवा वेफर्स येतात. ग्रानादात मात्र भाताची वाटी, तळलेला मासा, मटणाचा रस्सा, छोटं बर्गर असं काहीही येतं. अनेक बारमध्ये ते निवडता येत नाही. पहिल्या पेल्याला एक पदार्थ, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा, असा स्वयंपाकघराचा क्रम ठरलेला असतो. बिअर न पिणाऱ्यालाही लिंबाच्या सोड्यावर किंवा बिनअल्कोहोल बिअरवर तापा मिळतो. तीन बार फिरून विद्यार्थ्याचं रात्रीचं जेवण होतं. ही उदारता चालवणाऱ्या आतल्या माणसाचा हिशेब चोख असतो: स्वस्त कडधान्य, मोसमातली भाजी, दुपारच्या मोठ्या पातेल्यातला रस्सा. लहान बशीत वाया काही जात नाही.

शाकाहारी पाहुण्याला इथं पहिल्या पेल्याआधीच सांगावं लागतं, आणि नीट सांगावं लागतं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर पालकावर हॅमचे तुकडे किंवा सॅलडवर ट्यूना येऊ शकतो, कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. ‘सिन खामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे हॅम नको, मासा नको, हे शब्द पाठ केलेले बरे. मग दारं उघडतात. सेव्हियाचा हरभरे घातलेला पालक हा जिरं आणि लसणाच्या वासाचा पदार्थ आहे. मराठी जिभेला तो परका वाटत नाही. गालिसियातल्या पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून जाड मीठ भुरभुरून येतात. बहुतेक सौम्य, मधेच एखादी तिखट. आणि अंदालुसियातली तळलेली वांगी: पातळ काप, पिठात घोळवून कुरकुरीत केलेले, वरून उसाची काकवी. होय, काकवीच. मालागा आणि ग्रानादाच्या किनाऱ्यावर अरबांनी ऊस आणला आणि तो तिथं शतकानुशतकं पिकत राहिला. वांग्यावर काकवी ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते. पहिल्या घासानंतर ती शंका उरत नाही.

ग्रानादातला आलाम्ब्राचा किल्ला-महाल पाहायचा तर तिकीट कित्येक दिवस आधी काढावं लागतं. नास्रिद राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की आत जाता येत नाही. आदल्या रात्री किती जागायचं हे त्यावरून ठरवावं. समोरच्या आल्बाइसिन टेकडीवर सान निकोलासच्या चौकातून तोच महाल फुकट दिसतो, मागे सिएरा नेवादा डोंगरांवरचा बर्फ.

उत्तरेला, आस्तुरियासच्या ओव्हिएदो शहरात, गास्कोना नावाच्या उताराच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सिद्रेरिया आहेत. सिद्रा म्हणजे सफरचंदाची आंबवलेली वाइन, सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली. इथं तरुणांची गर्दी असते आणि इथलं काम डोळे भरून पाहण्यासारखं आहे. बाटली टेबलावर ठेवून पाहुण्यानं स्वतः ओतून घ्यायची पद्धत नाही. ओतणारा येतो. त्याला एस्कान्सियादोर म्हणतात. पाठ ताठ, बाटलीचा हात डोक्यावर पूर्ण ताणलेला, पेल्याचा हात खाली, कमरेच्याही खाली ताणलेला. पेला रुंद तोंडाचा, काच अगदी पातळ, आणि तो तिरका धरलेला. मग बाटली कलते. लांब, बारीक धार हवेतून येते आणि पेल्याच्या आतल्या कडेवर आपटते. ओतणारा त्या धारेकडे बघतही नाही. मुरलेल्या माणसाची नजर समोर असते.

हा देखावा म्हणून सुरू झालेला प्रकार नाही. नैसर्गिक सिद्रेत बाहेरून वायू भरलेला नसतो. धार काचेवर फुटली की तिच्यात विरलेला वायू मोकळा होतो, सिद्रा काही क्षण पांढरट फेसाळते आणि सफरचंदाचा वास वर येतो. तो बहर काही सेकंदांचा. म्हणून पेल्यात जेमतेम दोन बोटं ओतायची आणि ती लगेच, एका दमात प्यायची. पेला हातात घेऊन गप्पा मारत बसणाऱ्याकडे ओतणारा अस्वस्थ होऊन बघतो, आणि त्याचं चुकत नाही. त्यानं खांद्यातून काढलेली मेहनत डोळ्यांदेखत मरत असते. तळाशी राहिलेला घोट पेल्याच्या ज्या कडेला ओठ लागले तिथूनच जमिनीवर टाकायचा. पूर्वापार एकच पेला सगळ्या टोळक्यात फिरतो, आणि त्या घोटानं कड धुतली जाते. म्हणून कित्येक सिद्रेरियांत जमिनीवर भुसा पसरलेला असतो किंवा पन्हळ काढलेली असते. बूट ओले होतात, दुकानभर आंबूस वास असतो. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून इथं येऊ नये.

एका बाटलीत ७० सेंटिलिटर, म्हणजे पाच-सहा वेळा ओतणं. भरल्या रात्री एकेका ओतणाऱ्याकडे कितीतरी टेबलं. प्रत्येक टेबलावर कोण कोरडं बसलंय हे त्यानं न बोलावता ओळखायचं असतं. हात डोक्यावर ताणून केलेलं हे काम खांदा आणि कंबर दोन्ही मागतं. बाटलीला बसवायची ओतणारी यंत्रंही निघाली आहेत, काही टेबलांवर ती दिसतात, पण ओतणाऱ्यांच्या स्पर्धा अजूनही भरतात आणि तरुण मुलं-मुली त्यांत उतरतात. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोनं आस्तुरियासच्या सिद्रा संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सिद्रेसोबत काब्रालेस हे निळ्या बुरशीचं, डोंगरातल्या गुहांत मुरवलेलं चीज मागवावं. वास उग्र आहे, पहिल्या भेटीत नको वाटतं. सिद्रेच्या आंबटपणासोबत ते जमून जातं.

माद्रिद मोठं, आणि तिथं पैसे पटकन संपतात. म्हणून दिवसाचा बेत फुकटच्या वेळांभोवती आखावा. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी पाच ते सात विनामूल्य असतं. रेइना सोफिया संग्रहालयात मंगळवार सोडून बाकीच्या दिवशी, रविवार वगळता, सात ते नऊ. पिकासोचं ‘गेर्निका’ तिथं आहे. दोन तासांत सगळं संग्रहालय पळत बघण्यापेक्षा त्या एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहिलेलं चांगलं. तिथून बाहेर पडल्यावर लावापिएस भाग पायी दहा मिनिटांवर. आपल्या उपखंडातल्या माणसांची किराणा दुकानं आणि खानावळी तिथं दाटीनं आहेत. वरणभाताची फार आठवण आली तर ती सोय.

माद्रिदची बिअर छोट्या पेल्यात येते, साधारण २०० मिलिलिटर. तिला कान्या म्हणतात. आकार छोटा असण्याला कारण आहे: उन्हाळ्यात मोठा पेला संपेपर्यंत कोमट होतो. ओतणारा पेला आधी गार पाण्यानं आतून ओला करतो, तिरका धरतो, नळ पूर्ण उघडतो, मग सरळ करून क्षणभर थांबतो आणि शेवटी दोन बोटं दाट फेस चढवतो. फेस झाकणाचं काम करतो, खालचा वायू आणि थंडावा टिकतो. घाईच्या वेळीही चांगला माणूस ते मधलं थांबणं गाळत नाही. बार चांगला आहे की नाही हे ओळखायला ही एक खूण पुरते.

रात्री बारानंतर तरुणाई मालासान्या भागाकडे सरकते. फ्रँको १९७५ साली गेला, आणि पुढच्या काही वर्षांत याच गल्ल्यांत ‘मोव्हिदा’ नावाची उसळी आली: संगीत, सिनेमा, कपडे, सगळ्यात. दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोव्हार त्यातूनच पुढे आला. १९७९ साली उघडलेला ‘ला व्हिया लाक्तेआ’ बार अजून चालू आहे. क्लब दोननंतर भरतात आणि सहाच्या आसपास रिकामे होतात. मेट्रो उत्तररात्री थांबते. मधल्या तासांत सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात. लोक त्यांना ‘बुओस’, म्हणजे घुबडं म्हणतात. रस्त्यावर बाटल्या घेऊन बसणं माद्रिदमध्ये कायद्यानं बंद आहे आणि दंड होतो. शहराच्या मध्यभागी आवाजाच्या बाबतीत खास नियम लागू आहेत, कारण वरच्या मजल्यांवर माणसं राहतात, त्यांची मुलं सकाळी शाळेत जातात. बाल्कन्यांतून टांगलेले झोपेच्या हक्काचे फलक पाहुण्यानं वाचावेत आणि गल्लीत आवाज खाली आणावा. ज्यांच्या अंगणात आपण आलो आहोत त्यांच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

रात्र ही काउंटरपलीकडच्या माणसाचीही असते, हा मुद्दा स्पेनमध्ये उघडपणे वादाचा झाला आहे. तिथल्या कायद्यात रात्री दहा ते सकाळी सहा हे रात्रपाळीचे तास मानले जातात. मार्च २०२४मध्ये कामगारमंत्री योलांदा दियास यांनी म्हटलं की रात्री एकला रेस्टॉरंटं उघडी ठेवणारा देश शहाणपणाचा नाही. माद्रिद प्रांताच्या अध्यक्ष इसाबेल दियास आयुसो यांनी त्याला कडक विरोध केला. रात्रीचं जगणं ही त्यांच्या मते स्वातंत्र्याची बाब आणि रोजगाराचं साधन. दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत. पण दहा तास उभं राहून शेवटची बस चुकलेला वेटर पाहिला की पारडं कामगारांच्या बाजूला झुकतं. टिप देणं सक्तीचं नाही. चार नाणी ठेवावीत. आणि खुर्च्या उलट्या ठेवायला लागले की उठावं.

पहाटे पाचला पुएर्ता देल सोल चौकाजवळच्या अरुंद बोळात ‘सान खिनेस’ चॉकलेटेरियासमोर रांग असते. हे दुकान १८९४ सालचं, आणि रात्रभर उघडं. चुर्रोची कृती मराठी स्वयंपाकघराला लगेच कळेल. उकळत्या खारट पाण्यात पीठ घालून जोरानं घोटायचं, उकड घट्ट झाली की सोऱ्यात भरायची आणि चकलीसारखी चांदणीच्या चकतीतून दाबायची. फरक इतकाच की धार थेट तेलात सोडतात किंवा हातानं वळवून फास करतात. चांदणीचे कंगोरे शोभेसाठी नसतात. गुळगुळीत जाड कांडी तळताना आतली वाफ कोंडते आणि ती फुटून तेल उडतं. कंगोऱ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि चुर्रो आतपर्यंत एकसारखा तळला जातो. शेजारी पोर्रास निघतात. त्यांचं पीठ सैल, त्यात थोडा सोडा. ते कढईत मध्यापासून बाहेर गोल गोल सोडतात, दोन लांब काड्यांनी सगळं चक्र एका झटक्यात उलटतात, निथळवतात आणि कात्रीनं कापतात. घाणा उतरला की तो थेट खिडकीपाशी, कारण दहा मिनिटांत चुर्रो वातड होतो. पीठ, पाणी, मीठ, तेल. त्यामुळे शाकाहाऱ्याला इथं काही विचारावं लागत नाही. सोबतचं चॉकलेट पिष्टानं इतकं दाट केलेलं असतं की चुर्रो बुडवूनच ते खायचं.

या रांगेत नाचून घामेजलेली मुलं असतात, आणि क्लब बंद करून आलेले बारमनही. सहाला मेट्रो सुरू होते. शनिवारची रात्र उलटून रविवार उजाडला असेल तर झोपायला फार वेळ नसतो, कारण नऊला एल रास्त्रोचा जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो आणि तीनला उठतो. बाराच्या सुमारास माणसं तिथून ला लातीनाच्या कावा बाहा गल्लीत उतरतात. काउंटरपलीकडे कुणीतरी पुन्हा उभा असतो: नळातून गडद व्हर्मुट, त्यात बर्फ, संत्र्याची चकती, सायफनचा सोडा, काडीला एक ऑलिव्ह. पुढचं गिऱ्हाईक.